स्मृतिभ्रंश वाटतो, पण उपचाराने सुधारू शकतो असे आजार: काय तपासावं, कुठल्या क्रमाने

शमी (धागाकर्ता)

घरातलं वयस्क माणूस विसरायला लागलं, तेच तेच विचारायला लागलं, की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवला जातो. या म्हणीने बरंच नुकसान केलं आहे. विसरण्याची काही कारणं वेळेत सापडली तर माणूस पूर्ववत होतो, निदान घसरण तरी थांबते. त्यातली बरीचशी साध्या रक्ततपासणीत, एका स्कॅनमध्ये किंवा औषधांच्या पिशवीत सापडतात. ती एका जागी नीट लिहिलेली असावीत म्हणून हा धागा. ज्यांचा ज्या भागात हात बसलेला आहे त्यांनी तो लिहावा. अनुभवकथन नको, नेमकी माहिती हवी.

एक आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे खोटी आशा राहणार नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, जवळपास ४० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ९ टक्के रुग्णांत ‘सुधारू शकेल’ असं कारण सापडलं. प्रत्यक्षात अंशतः किंवा पूर्ण सुधारले ते ०.६ टक्के. मग शोधायचं कशाला? एक तर हा आकडा स्मृतिभ्रंश म्हणून नोंद झालेल्यांचा आहे. चार दिवसांत अचानक गोंधळलेली माणसं त्यात धरलेली नसतात, आणि सर्वात जास्त सुधारणारी तीच असतात. दुसरं म्हणजे अल्झायमर असलेल्या माणसालाही थायरॉइड कमी असू शकतो, सोडियम उतरू शकतं. ते दुरुस्त केलं की मूळ आजार जात नाही, पण माणूस पुन्हा स्वतःच्या हाताने जेवायला लागतो. घरच्यांसाठी तो फरक फार मोठा असतो.

कुठल्याही तपासणीआधी तीन प्रश्न विचारा: कधीपासून? कसं वाढलं, हळूहळू की पायऱ्या उतरल्यासारखं की एकदम? आणि सुरू होण्याआधीच्या दोन महिन्यांत काय बदललं: नवी गोळी, पडणं, ऑपरेशन, ताप, जवळच्या कुणाचा मृत्यू? अल्झायमर महिन्या-वर्षांच्या चालीने येतो. तासा-दिवसांची किंवा आठवड्यांची चाल दिसली तर दुसरं काहीतरी शोधायलाच हवं, मग वय ९० का असेना.

पहिल्या फेरीच्या तपासण्या अशा: संपूर्ण रक्तगणना, बी१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम (सोबत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साखर, यकृताच्या तपासण्या, आणि मेंदूचा एक सीटी किंवा एमआरआय. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी शंका असेल तेव्हा, पण शंका घ्यायला लाजू नये. सिफिलिस मेंदूत कुठल्याही टप्प्यावर उतरू शकतो, त्याने येणारा स्मृतिभ्रंश मात्र सहसा कित्येक वर्षांनी दिसतो, आणि त्यावर पेनिसिलिन चालतं.

कोरांटी

शमी, चांगला विषय. डिलिरियमपासून (तासा-दिवसांत अचानक आलेला मेंदूचा गोंधळ) सुरुवात करते, कारण सर्वात जास्त गल्लत तिथेच होते. जुनी माणसं ज्याला ‘वातात बरळणं’ म्हणत, ती हीच अवस्था.

ओळखायची खूण स्मरणशक्तीत शोधू नका, अवधानात शोधा. अल्झायमरच्या सुरुवातीला माणूस सकाळी काय झालं ते विसरतो, पण समोर बसून तुमच्याशी सलग बोलू शकतो. डिलिरियममध्ये तो वाक्याच्या मध्येच हरवतो. महिने उलटे म्हणायला सांगा: डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... सात महिनेही नीट उलटे येत नसतील तर अवधान बिघडलंय. ज्यांना महिने नीट पाठ नाहीत त्यांना वार उलटे विचारा.

वॉर्डात ‘४एटी’ नावाची चाचणी वापरतात, दोन मिनिटांत होते. चार भाग: जागेपणा, चार साधे प्रश्न (वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष), उलटे महिने, आणि बदल अचानक आलाय का किंवा कमी-जास्त होतोय का. गुण ४ किंवा जास्त आले तर डिलिरियम असण्याची शक्यता. शेवटच्या एका भागातूनच ४ गुण मिळू शकतात आणि त्याचं उत्तर फक्त घरचे देऊ शकतात. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा: ‘गेल्या सोमवारपर्यंत हे स्वतः हिशेब लिहीत होते.’ या एका वाक्याने निदान बदलतं.

आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. गप्प पडून राहणारा, हाक मारली की डोळे उघडून परत मिटणारा राहून जातो. त्यालाही डिलिरियमच असतो. ‘शांत आहेत, झोपू द्या’ म्हणून तो दोन-तीन दिवस तसाच राहतो आणि धोका उलट त्याला जास्त असतो.

कारणं सहसा एकाहून जास्त असतात: न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, न सांगता आलेली वेदना, ऑपरेशन, नवं औषध, रोजची दारू अचानक थांबणं. आणि दोन अशी, जी कोणी बघत नाही: आठवडाभराचं बद्धकोष्ठ आणि तुंबलेली लघवी. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाच्या मूत्राशयात लघवी साठून राहते, थोडी थोडी गळत असते म्हणून ‘होतेय की’ असं वाटतं. ओटीपोटावर हात ठेवून बघणं आणि लघवी झाल्यावर किती उरली ते सोनोग्राफीत मोजणं, एवढंच लागतं.

तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, शब्द न सुचणं किंवा भलतेच शब्द येणं हे अचानक झालं तर वरची कुठलीही यादी बघत बसू नका. पक्षाघात समजून तडक मोठ्या रुग्णालयात जा.

तगर

एक शंका. लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स (पू-पेशी) आले की लगेच अँटिबायोटिक सुरू होतं आणि ‘गोंधळ त्यामुळेच’ असं सांगितलं जातं. ते बरोबर आहे का?

कोरांटी

@तगर, तिथे सावध राहायला हवं. म्हाताऱ्या माणसांच्या, विशेषतः बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. कायमची नळी असेल तर जवळपास सगळ्यांच्याच. ताप, जळजळ, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं यातलं काही नसेल तर नुसत्या रिपोर्टवर संसर्गाचा शिक्का मारू नये. अँटिबायोटिकमुळे जुलाब होतात ते वेगळंच, पण खरं नुकसान असं की ‘कारण मिळालं’ म्हणून शोध थांबतो आणि उतरलेलं सोडियम किंवा डोक्यातलं रक्त तसंच राहतं.

आणखी एक. डिलिरियमचं कारण आज दूर झालं म्हणून डोकं उद्या साफ होईल असं नाही. आठवडे, कधी महिने लागतात. त्या काळात स्मृतीची चाचणी घेऊन स्मृतिभ्रंश ठरवू नये. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी रुग्णाजवळच ठेवा, दिवसा उजेड, रात्री अंधार, ओळखीचं माणूस शेजारी. ही शुश्रूषा इथे औषधाइतकीच लागते.

गोळीपेटी

औषधांचा भाग माझ्याकडे. जरा लांबेल, पण या यादीत सर्वात स्वस्तात दुरुस्त होणारं कारण हेच आहे.

पहिली पायरी: घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओतायची. यादी लिहून नेऊ नका, पिशवीच न्या. यादीत सर्दीची गोळी, पाठदुखीची गोळी, झोपेसाठी शेजाऱ्याने दिलेली अर्धी गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, डोळ्यातले थेंब कधीच येत नाहीत. प्रत्येक औषधाला तीन प्रश्न: कशासाठी, कोणी, कधी सुरू केलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच देता आलं नाही, तर ती गोळी संशयित.

सर्वात मोठा गट अँटिकोलिनर्जिक औषधांचा. स्मृतीसाठी मेंदू अॅसिटिलकोलीन वापरतो आणि ही औषधं नेमकं तेच अडवतात. नावं ओळखीची असतील: अॅमिट्रिप्टिलिन (मज्जातंतूंच्या वेदना, झोप), ऑक्सिब्युटिनिन (लघवीची घाई), ट्रायहेक्सिफेनिडिल (कंप), क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन (सर्दी, खाज), हायड्रॉक्सिझिन. एकेकट्याचा डोस लहान असतो, पण परिणाम बेरजेने वाढतो. शरीरावरच्या खुणा: तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, धूसर दिसणं, लघवी अडणं. विसरण्याबरोबर या चारपैकी दोन असतील तर आधी पिशवी उघडा.

दुसरा गट झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांचा: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम. डायझेपामसारखं औषध वयस्कांच्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं, त्यामुळे रोजची गोळी साठत जाते. पण ही गोळी एका दिवसात बंद करू नका. महिनोन्‌महिने घेतलेली अचानक थांबवली तर झोप उडते, थरथर होते, फिट येऊ शकते. डोस दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्क्यांनी उतरवायचा, शेवटचा टप्पा सर्वात सावकाश. गोळीचे तुकडे करून एवढा बारीक फरक जमत नाही, तेव्हा कमी ताकदीची गोळी किंवा पातळ औषध लिहून घ्या.

मग सुटी नावं: ट्रामाडॉल आणि इतर ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं), प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, टोपिरामेट, स्टिरॉइड, डिगॉक्सिन, लिथियम. प्रेगाबालिन-गॅबापेंटिन मूत्रपिंडातून बाहेर पडतात. क्रिएटिनिन वाढलं आणि डोस तोच राहिला तर माणूस दिवसभर पेंगतो. लिथियमवर असलेल्याने गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक सुरू केली तर रक्तातलं लिथियम चढतं. व्हॅल्प्रोएटमुळे कंप, मंद चाल आणि विसरणं असं चित्र तयार होतं, ते औषध बदलल्यावर काही महिन्यांत ओसरतं. चक्करेसाठी वर्षानुवर्षं घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन पार्किन्सनसारखी लक्षणं देते, हेही कित्येकदा लक्षात येत नाही.

आता साखळी. डोनेपेझिल स्मृतीसाठी दिलं जातं. त्याने लघवीची घाई होऊ शकते. घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन येतं. ते डोनेपेझिलच्या बरोबर उलट काम करतं, गोंधळ वाढतो. गोंधळ वाढला म्हणून डोनेपेझिलचा डोस वाढतो. दोन्ही गोळ्या दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात आणि आपापल्या जागी दोघेही बरोबर असतात. नवं लक्षण दिसलं की ‘हे कुठल्या औषधाचं असेल का’ हा प्रश्न पहिला, नवी गोळी नंतर.

वयस्कांना टाळावीत अशा औषधांची ‘बीअर्स यादी’ १९९१ पासून आहे आणि वेळोवेळी सुधारली जाते. डॉक्टरांना तिचं नाव घेऊन विचारता येतं.

सातवीण

गोळीपेटींचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. बी१२ आणि थायरॉइड मी घेते.

बी१२ कोणाचं कमी होतं? दूध-अंडी-मांस काहीच न घेणारे, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे, आम्लपित्ताच्या ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारख्या गोळ्या कायम चालू असणारे, जठराचं किंवा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं ऑपरेशन झालेले, आणि पर्निशियस अॅनिमियावाले, ज्यांच्या जठरात बी१२ शोषायला लागणारं प्रथिनच तयार होत नाही.

मोठी चूक: ‘हिमोग्लोबिन चांगलं आहे, म्हणजे बी१२ ठीक असणार.’ मज्जासंस्थेचं नुकसान रक्तक्षय नसतानाही होतं. आणि फॉलिक अॅसिड एकटंच दिलं तर रक्त सुधारतं, नसांची हानी मात्र आतून चालू राहते. पायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, डोळे मिटून उभं राहता न येणं, पायाच्या अंगठ्याला ट्यूनिंग फोर्कचं कंपन न जाणवणं या खुणा विसरण्याच्या जोडीला असतील तर बी१२ चा संशय पक्का धरा.

थायरॉइड: चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, नाडी मंद, आणि विचाराची गती धिमी. उत्तर बरोबर येतं, पण उशिरा येतं. टीएसएचबरोबर फ्री टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) ही करा, कारण बिघाड पिट्युटरीत (मेंदूच्या तळाशी असलेली, थायरॉइडला हुकूम देणारी ग्रंथी) असेल तर टीएसएच नॉर्मल दिसूनही थायरॉइड कमी असतो. बायोटिनच्या (केसांसाठीच्या) गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, त्यांनी रिपोर्ट खोटा येतो.

उपचारात घाई नको. वयस्कांना, त्यातून हृदयविकार असेल तर, लिव्होथायरॉक्सिन १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करतात आणि टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी पाहून वाढवतात. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. ‘डोस वाढवूनही टीएसएच उतरत नाही’ यामागे बहुतेक वेळा या वेळांचाच घोटाळा असतो.

उलट दिशाही आहे. तरुणांत थायरॉइड वाढला की धडधड, घाम, अस्वस्थता दिसते. वयस्कांत नुसतं वजन घटणं, उदासपणा आणि गप्प होणं एवढंच दिसू शकतं.

तगर

बी१२ चा आकडा २६० आला तर कमी म्हणायचं का? आणि इंजेक्शनने तोटा नाहीच म्हणतात, मग तपासणीशिवाय देऊन टाकलं तर?

सातवीण

२०० पिकोग्रॅम प्रति मिलिच्या खाली म्हणजे कमतरता, ३०० च्या वर म्हणजे बहुधा ठीक, मधला पट्टा संशयाचा. तुमचे २६० त्या पट्ट्यात. अशा वेळी मिथाइलमॅलोनिक अॅसिड आणि होमोसिस्टीन तपासतात. पेशींना बी१२ खरोखर कमी पडत असेल तर दोन्ही वाढतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पहिलं तसंही वाढलेलं असतं, तेव्हा क्रिएटिनिन शेजारी ठेवूनच वाचा.

आधी इंजेक्शन, मग तपासणी असं केलं तर आकडा फुगून येतो आणि कमतरता होती की नाही हे कायमचं गुलदस्त्यात राहतं. पुढे उपचार जन्मभर घ्यायचे की तीन महिने, हे त्यावरच ठरतं. रक्त आधी काढा, सुई नंतर. नसांची लक्षणं असतील तर रक्त काढल्यावर रिपोर्टची वाट न पाहता सुरू केलं तरी चालतं.

इंजेक्शन १००० मायक्रोग्रॅमचं, सुरुवातीला दिवसाआड किंवा आठवड्याला, नंतर एक ते तीन महिन्यांतून एकदा. गोळीही चालते, पण १००० ते २००० मायक्रोग्रॅमची रोज. शोषणाची नेहमीची वाट बंद असतानाही तोंडाने घेतलेल्याचा साधारण १ टक्का आपोआप आत जातो, म्हणून डोस एवढा मोठा. रक्तक्षय तीव्र असेल तर पहिल्या काही दिवसांत पोटॅशियम उतरतं, ते तपासत राहावं. रक्त आठवड्यांत सुधारतं, नसा आणि डोकं महिन्यांत. सहा महिने ते वर्ष इतका धीर धरावा लागतो, आणि फार उशिरा सुरू केलं तर काही भाग परत येत नाही.

पिंपळपान

सोडियम, साखर, कॅल्शियम.

सोडियम १३५ ते १४५ हवं. १२५ च्या खाली झपाट्याने उतरलं तर गोंधळ, फिट. पण १२८-१३२ वर महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या माणसाकडेही लक्ष द्या: तो अडखळतो, पडतो, ‘हल्ली जरा मंदच झालेत’ म्हणतात. नेहमीचे कारणीभूत: रक्तदाबाच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड, नैराश्याची एस्सिटालोप्राम-सर्ट्रालिनसारखी औषधं, आणि कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन. संयुक्त गोळीच्या नावात थायाझाइड दिसत नाही, पाकिटामागचे घटक वाचा. वाढवताना २४ तासांत ८ ते १० च्या वर वाढवायचं नाही. बराच काळ कमी राहिलेलं सोडियम भरकन वर नेलं तर मेंदूच्या मध्यभागी मज्जावरण उखडतं आणि लकवा येतो. घरी मीठ चारून हे दुरुस्त करू नये. काही कारणांत उपचार पाणी कमी करण्याचा असतो, काहींत सलाईनचा, दोन्ही एकमेकांच्या उलट.

साखर: इन्शुलिन, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांवर असलेला माणूस पहाटे किंवा जेवणाआधी विचित्र वागत असेल तर त्याच क्षणी बोटातून तपासा. तासाभराने तपासलं तर आकडा सावरलेला असतो आणि काही कळत नाही. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीची एक गोळी) चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. ग्लिबेनक्लामाइडने उतरलेली साखर दिवसभर पुन्हा पुन्हा उतरू शकते. एकदा सावरली म्हणून घरी पाठवू नये.

कॅल्शियम वाढलं तर तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, सुस्ती, गोंधळ. अल्ब्युमिन कमी असेल तर रिपोर्टमधला आकडा फसवतो: ४ पेक्षा जेवढे ग्रॅम अल्ब्युमिन कमी, त्या प्रत्येकी ०.८ कॅल्शियममध्ये मिळवा. कारण बहुधा पॅराथायरॉइड ग्रंथी किंवा कर्करोग. पण आठवड्यातून एकदाची ड जीवनसत्त्वाची मोठी गोळी कोणी रोज घेतोय का, तेही विचारा.

यकृताचा जुना आजार असेल तर: दिवसा झोप आणि रात्री जाग, हात पुढे ताठ धरले की पंजे फडफडणं. लॅक्टुलोजचा (पोट साफ करणारं पातळ औषध) डोस दिवसाला दोन-तीन मऊ शौचास होतील इतका. ‘जुलाब होतात’ म्हणून घरचे ते परस्पर बंद करतात आणि गोंधळ परत येतो.

कोरांटी

पिंपळपान यांच्या यादीला एक जोड: थायामिनची (बी१ जीवनसत्त्व) कमतरता. खूप दिवस उलट्या, वजन घटवण्याचं ऑपरेशन, दारू, उपासमार यानंतर गोंधळ, डोळे नीट न फिरणं आणि लटपटती चाल. तिन्ही एकत्र क्वचितच दिसतात, एक-दोन दिसली तरी पुरे. थायामिन शिरेतून, ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत. नंतर दिलं तर उशीर होतो, आणि गेलेली स्मृती कायमची जाऊ शकते.

मोजपट्टी

आता डोक्याच्या आतलं. स्कॅनमध्ये दिसणारी दोन कारणं विशेष महत्त्वाची.

पहिलं, जुना सबड्युरल रक्तसाका, म्हणजे कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये साठलेलं रक्त. वय वाढलं की मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्या व कवटीच्या मधल्या शिरा ताणल्या जातात. किरकोळ टक्कर पुरते: दाराची चौकट, पलंगाची कड. रक्त थेंबाथेंबाने साठतं, लक्षणं तीन-चार आठवड्यांनी येतात, तोपर्यंत पडल्याचं कोणाला आठवतही नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर शंका दुप्पट. डोकेदुखी, दिवसागणिक बदलणारा गोंधळ, एका पायाचं फरपटणं. साधा सीटी पुरतो, पण एक अडचण आहे: साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात साकळलेलं रक्त मेंदूच्याच रंगाचं दिसतं. दोन्ही बाजूंना सारखं असेल तर मेंदूची मधली रेषही सरकत नाही आणि स्कॅन ‘नॉर्मल’ वाचला जातो. ऐंशीच्या माणसाचा मेंदू विशीतल्यासारखा भरगच्च, वळ्यांमधल्या फटी मिटलेल्या दिसल्या तर रेडिओलॉजिस्टला पुन्हा बघायला सांगा. उपचार म्हणजे कवटीला छोटं भोक पाडून निचरा. काही जणांत परत साठतं, म्हणून पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायचं.

दुसरं, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस. १९६५ साली हाकिम आणि अॅडम्स यांनी वर्णन केलं. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतो तो द्रव) साठतं, पण दाब मोजला तर साधारण नेहमीइतकाच. तीन लक्षणं: चाल बिघडणं, लघवीची घाई किंवा कपड्यात होणं, आणि विचार मंदावणं. क्रम पाहा. चाल आधी बिघडते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पावलं आखूड, पायांत अंतर, वळायला चार-सहा पावलं. हात मात्र बऱ्यापैकी हलतात, पार्किन्सनपासून वेगळं ओळखायला हे उपयोगी. अल्झायमरमध्ये चाल बराच काळ चांगली राहते. विसरणं पाच वर्षांचं आणि चाल परवा बिघडली, तर हा आजार असण्याची शक्यता कमी.

स्कॅनवर इव्हान्स इंडेक्स मोजतात: पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची रुंदी भागिले कवटीची आतली सर्वात जास्त रुंदी. ०.३ च्या वर म्हणजे पोकळ्या मोठ्या. पण मेंदू आकसल्यानेही त्या मोठ्या दिसतात, म्हणून एवढ्यावर ऑपरेशन ठरत नाही. पुढची पायरी टॅप टेस्ट: कमरेतून ३० ते ५० मिलि पाणी काढायचं आणि आधी-नंतर चाल मोजायची. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागले. १० मीटरला किती पावलं पडली. काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. व्हिडिओ काढाच, नुसत्या ‘बरं वाटतंय’ वर विसंबू नका. एक धोका सांगतो: टॅप टेस्टमध्ये फरक दिसला नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. संशय दाट असेल तर कमरेत नळी ठेवून तीनेक दिवस निचरा करून पाहतात.

उपचार म्हणजे शंट: हे जादा पाणी शरीरात दुसरीकडे वाहून नेणारी, झडप असलेली नळी. ती बसवल्यावर सर्वात जास्त सुधारते ती चाल, सर्वात कमी स्मृती. हे ऑपरेशनआधी घरच्यांना स्पष्ट माहीत असावं. पाणी जास्त उतरलं तर पुन्हा सबड्युरल होतो. झडप बाहेरून चुंबकाने जुळवता येणारी असेल तर प्रत्येक एमआरआयनंतर तिचं सेटिंग तपासून घ्यायचं. झडपेचं मॉडेल आणि सेटिंग लिहिलेलं कार्ड रुग्णाच्या खिशात राहू द्या.

पारिजात

नैराश्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. किलोह यांनी १९६१ साली ‘स्यूडो-डिमेन्शिया’ हा शब्द रूढ केला. मला तो शब्द आवडत नाही. खोटं काही नसतं, माणसाला खरोखरच आठवत नसतं.

फरक उत्तर देण्याच्या रीतीत असतो. नैराश्यातला माणूस ‘माहीत नाही’, ‘नाही जमणार’ म्हणून लगेच सोडून देतो आणि आपल्या विसरण्याची तक्रार स्वतः करतो. अल्झायमरचा माणूस चुकीचं उत्तर देतो, सारवासारव करतो आणि तक्रार घेऊन येतात ते घरचे. पाच शब्द लक्षात ठेवायला देऊन नंतर आठवेनात तेव्हा इशारा द्या: ‘त्यात एक फूल होतं’. इशाऱ्याने आठवलं तर शब्द साठवले गेले होते, काढता येत नव्हते. हे नैराश्यात जास्त. इशाऱ्यानेही काही आलं नाही तर साठवणंच बिघडलंय. पहाटे लवकर जाग, भूक मरणं, आवडीची कामं सुटणं, ‘मी ओझं झालोय’ अशी भाषा याची नोंद करा. आत्महत्येचा विचार येतो का ते सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. १५ प्रश्नांची जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल आहे, ५ किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासणी.

औषध वयस्कांत परिणाम दाखवायला ८ ते १२ आठवडेही घेतं. सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांनी सोडियम बघा, पिंपळपान यांनी वर सांगितलंच आहे. आणि मन सुधारलं, स्मृतीही सुधारली, तरी दर सहा महिन्यांनी तपासत राहा. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी पुढे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची पहिली पायरी असते.

सातवीण

कान! स्मृतीची चाचणी घेण्याआधी कानात मळ आहे का बघा. पाच शब्द ऐकूच आले नाहीत तर आठवणार कुठून? तसंच मोतीबिंदू आणि चष्मा. दृष्टी फार कमी झालेल्यांना माणसं, नक्षी, प्राणी दिसतात आणि ते खरे नाहीत हे त्यांना कळत असतं. त्याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. वेड लागलं म्हणून अँटिसायकोटिक सुरू करण्याआधी डोळे दाखवा.

मोजपट्टी

झोपेतला श्वासरोध राहिला. घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकणं, सकाळी डोकं जड, दिवसा डुलक्या. झोपेच्या तपासणीत तासाला ५ च्या वर अडथळे म्हणजे आजार, १५ च्या वर मध्यम, ३० च्या वर तीव्र. सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं) रोज रात्री निदान ४ तास वापरलं तरच उपयोग. मास्क गळतो म्हणून बहुतेक जण सोडतात, तेव्हा दुसऱ्या मापाचा मास्क मागा. आणि अशा माणसाला झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी देणं दुहेरी घातक.

कोरांटी

दोन दुर्मीळ गोष्टी, पण चुकल्या तर पश्चात्ताप होईल अशा. आठवड्या-महिन्यांत झपाट्याने विसरणं, एका बाजूच्या चेहऱ्याला आणि हाताला सेकंदभराचे झटके दिवसात कित्येकदा, सोबत सोडियम कमी: एलजीआय१ प्रतिपिंडांचा एन्सेफलायटिस, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूला आणलेली सूज. एमआरआय नॉर्मल असू शकतो. प्रतिपिंड रक्तात आणि पाठीच्या पाण्यात, दोन्हीकडे तपासतात, एलजीआय१ चे रक्तात जास्त खात्रीने सापडतात. स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनने चांगला फरक पडतो, लवकर दिलं तर.

दुसरी, एपिलेप्सीचा एक प्रकार: स्मृती अर्धा-एक तास जाते, बऱ्याचदा झोपेतून उठल्यावर, माणूस तेच प्रश्न विचारत राहतो आणि मग सावरतो. मधल्या काळात चाचणी जवळपास नॉर्मल येते. फिटच्या औषधाच्या लहान डोसाने झटके सहसा थांबतात. असा झटका आला की मोबाईलवर व्हिडिओ काढा.

तगर

मोका (स्मृती-विचारशक्तीची कागदावरची चाचणी) चाचणीत ३० पैकी २२ आले तर काय समजायचं?

शमी (धागाकर्ता)

@तगर, २६ च्या खाली म्हणजे पुढे बघायला हवं, एवढंच. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात, पण ज्यांनी हातात पेन्सिलच धरली नाही त्यांना घन काढायला लावून काही कळत नाही. चाचणी मातृभाषेतली हवी, कान-डोळ्यांची सोय करून घेतलेली हवी, ताप किंवा डिलिरियम नसताना घेतलेली हवी. एकट्या आकड्यापेक्षा सहा महिन्यांनी त्याच चाचणीत काय झालं ते जास्त सांगतं. आणि रोजच्या कामांची नोंद त्याहून जास्त.

भेटीला जाताना एक कागद न्या. पहिल्या ओळीत, शेवटचं पूर्णपणे ठीक कधी होते, त्याची तारीख किंवा महिना. खाली गेल्या सहा महिन्यांत सुटलेली कामं: पैशांचा हिशेब, औषधं स्वतः घेणं, फोन लावणं, ओळखीचा रस्ता. मग पडणं, ऑपरेशन, ताप, नवी गोळी, प्रत्येकासमोर तारीख. शेवटी चाल, लघवी, झोप, भूक याबद्दल एकेक ओळ. कागदाबरोबर गोळ्यांची पिशवी, जुने स्कॅन (नुसता रिपोर्ट नाही, सीडीसकट) आणि रोज सोबत राहणारं माणूस. महिन्यातून एकदा भेटणारा मुलगा किंवा मुलगी एकटीच आली तर अर्धी माहिती घरीच राहते.